रडू कशाचं येतंय ते बघून निवडा
कोरियन बीएल वेबटून वाचू लागलेल्यांसाठी मार्गदर्शन

कोरियन मालिकांकडून बीएल कॉमिककडे वळलेल्या वाचकांच्या प्रश्नांचा सूर साधारण सारखाच असतो. ‘प्रेमकथा म्हणून उघडली, तर पाचव्या भागात एकाने दुसऱ्याला कोंडून ठेवलेलं, हे असंच असतं का?’ ‘कॉइन संपले, गोष्ट काही संपली नाही.’ ‘मालिका इतकी गोड होती, मग कॉमिकवर अठरा प्लसचा शिक्का का?’ आणि पालकांचा एक ठरलेला प्रश्न: ‘मुलगी रात्रभर हेच वाचते आणि रडते, काळजी करावी का?’

बीएल म्हणजे बॉइज लव्ह: दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या कथा. या कॉमिकची खरी ताकद भावना उभी करण्यात आहे, आणि नवा वाचक फसतो तोही तिथेच. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याचे दोन रस्ते आहेत. पात्र इतकं जिवंत करायचं की त्याचं दुखणं आपलं वाटावं, किंवा त्याला इतकं छळायचं की कुणालाही कळवळा यावा. म्हणून ‘खूप रडवते’ एवढ्या शिफारशीवर मालिका निवडू नका. कशाच्या जोरावर रडवते, ते आधी पाहा. हे कसं ओळखायचं, पैसे कुठे वाया जातात आणि तुमचे हक्क काय, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

हातात आहे ते नेमकं काय, हे आधी ठरवा

कोरियन कॉमिकला मान्हवा म्हणतात, जपानी कॉमिकला मांगा आणि चिनी कॉमिकला मानहुआ. समाजमाध्यमांवर तिन्हींची सरमिसळ होते. ‘नाइन्टीन डेज’ आणि ‘हिअर यू आर’ ही नावं कोरियन म्हणून सर्रास सुचवली जातात; दोन्ही चिनी आहेत. ‘गिव्हन’ जपानी आहे. फरक कळून उपयोग काय? कोरियन वेबटून, म्हणजे ऑनलाइन येणारं कॉमिक, मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचण्यासाठीच काढलेलं असतं, त्यामुळे त्याची कथनाची रीत वेगळी आहे. शिवाय ते कुठल्या अधिकृत ॲपवर शोधायचं, हेही यावरून ठरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आवृत्त्यांची साखळी. कोरियात अनेक बीएल कथा आधी वेब-कादंबरी म्हणून येतात, मग त्यांचं कॉमिक होतं आणि गाजलं तर मालिका. ‘सिमँटिक एरर’ हे ठळक उदाहरण. जोसुरी यांची वेब-कादंबरी, अँजी यांनी चितारलेलं कॉमिक आणि २०२२ साली ‘वाचा’ या कोरियन ओटीटीवर आलेली आठ भागांची मालिका. गोष्ट एकच, पण शारीरिक जवळिकीचं प्रमाण, गती आणि मनातल्या विचारांना मिळालेली जागा तिन्हींत निराळी असू शकते. मालिका सौम्य होती म्हणून कॉमिकही तितकंच सौम्य असेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक आवृत्तीवरचा वयोगट स्वतंत्रपणे तपासा.

भावना कुठे आणि कशी पेरलेली असते

चार जागा ओळखता आल्या तर वाचनाची गोडी वाढेल आणि लेखकाचं कसब की नुसता भडिमार, हेही कळेल.

* दोन चौकटींमधली मोकळी जागा. उभ्या स्क्रोलमध्ये रिकामी जागा म्हणजे वेळ. एकाने प्रश्न विचारला, मग बोटभर पांढरा पडदा, मग दुसऱ्याचा नुसता हात, पुन्हा मोकळी जागा आणि मग उत्तर. हा थांबा कलाकाराने मोजून ठेवलेला असतो. म्हणून पहिलं वाचन मोबाइलवर करा आणि महत्त्वाच्या प्रसंगात सावकाश सरकवा. झरझर बोट फिरवलं तर त्या प्रसंगातला ताण निसटतो.
* मनातलं बोलणं. बराच काळ गोष्ट एकाच्याच मनातून सांगितली जाते. दुसरा काय विचार करतो, ते लांबवर कळत नाही. मग एखाद्या भागात बाजू पालटते आणि आधीचे प्रसंग वेगळे दिसू लागतात. चांगल्या मालिकेत मागे जाऊन पाहिलं तर दुसऱ्याच्या नजरेत, हातांत, कपड्यांत खुणा सापडतात. सापडत नसतील, तर लेखकाने सोयीपुरतं कारण मागाहून जोडलं आहे असं समजा.
* एकमेकांना हाक मारणं. कोरियनमध्ये आदरार्थी आणि एकेरी बोलणं काटेकोर असतं. धाकटा मुलगा मोठ्याला ‘ह्योंग’ म्हणतो. कॉलेजात वरच्या वर्गातला ‘सनबे’ असतो. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं, किंवा भांडणानंतर मुद्दाम पुन्हा अहो-जाहोवर जाणं, हा प्रेमकथेतला मोठा प्रसंग असतो. इंग्रजी भाषांतरात तो बहुतेक वेळा गायब होतो. एखादं पात्र विनाकारण लाजलं किंवा दुखावलं असं वाटलं, तर तिथे हाक बदलली असण्याची शक्यता ध्यानात ठेवा.
* शेवटाला जोडलेले पुरवणी भाग. मुख्य कथा संपल्यावर ‘साइड स्टोरी’ येतात. संघर्ष मिटल्यावरचं घर, स्वयंपाक, आजारपण, रुसवे हे सगळं तिथे असतं. काही मालिकांत नात्याचा खरा कस इथेच लागतो. पैशांचा हिशेब करताना हे भाग धरूनच करा.

टॅग वाचायला शिका

कोरियन वाचक मुखपृष्ठाआधी टॅग पाहतात. इंग्रजी ॲपवर ते कमी असतात, पण वाचकांच्या चर्चेत हेच शब्द भेटतात. ‘गोंग’ म्हणजे जोडीतला पुढाकार घेणारा आणि ‘सू’ म्हणजे स्वीकारणारा. स्वभावाची विशेषणं बहुधा या दोघांनाच लागतात.

* गोड किंवा हीलिंग: मोठा आघात नाही, रोजच्या जगण्यातून फुलणारं प्रेम. सुरुवातीला हेच बरं.
* एकतर्फी प्रेम आणि पुनर्भेट: जुनी ओढ, न बोललेलं राहून गेलेलं. हुरहुर भरपूर, हिंसा सहसा कमी.
* पश्चात्ताप: आधी एक जण दुसऱ्याला वाईट वागवतो, तो निघून गेल्यावर पस्तावतो. हा प्रकार फार लोकप्रिय आहे. त्याची कसोटी पुढे दिली आहे.
* ध्यास: प्रेमाच्या नावाखाली पाळत, मत्सर, ताबा. काही ठिकाणी नाट्यापुरता, काही ठिकाणी सरळ गुन्हा.
* विध्वंस: कोरियनमध्ये ‘पिप्ये’. पात्रांची पार वाताहत होते. बलात्कार, कैद, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. मन आधीच थकलेलं असेल तर हा टॅग टाळा.
* ओमेगाव्हर्स: अल्फा, बीटा, ओमेगा अशी काल्पनिक शरीररचना, पुरुषांना गर्भधारणाही होते. नियम माहीत नसताना हात घातला तर गोंधळ उडतो. ही तुमची दुसरी-तिसरी मालिका असू द्या.

ओळखीच्या पाच नावांवरून अंदाज घ्या

* ‘सिमँटिक एरर’: संगणकशास्त्र शिकणारा नियमनिष्ठ सांगउ गटाच्या प्रकल्पातून काम न करणाऱ्यांची नावं काढून टाकतो आणि डिझाइन शिकणाऱ्या जेयंगचं पदवीधर होणं अडतं. भांडणातून प्रेम. दोघे तोडीस तोड असल्यामुळे इथलं रडू-हसू स्वभावांच्या टकरीतून येतं. सुरुवातीला चांगलं.
* ‘चेरी ब्लॉसम्स आफ्टर विंटर’: बामउ यांचं कॉमिक, २०२२ मध्ये यावरही मालिका आली. हेबोम दुसऱ्या नायकाच्या, तेसंगच्या घरी वाढतो. परक्या घरात आपण ओझं आहोत ही त्याची भावना कथेचा कणा आहे. गती संथ, सूर हळवा.
* ‘जिंक्स’: मिंग्वा यांची मालिका. कर्जात बुडालेला, आजारी आजीची काळजी वाहणारा फिजिओथेरपिस्ट आणि त्याला पैसे देणारा एमएमए खेळाडू. प्रौढांसाठीच. पैशाच्या गरजेपोटी दिलेला होकार हा खरा होकार का, हा प्रश्न सोबत ठेवून वाचा.
* ‘पेंटर ऑफ द नाइट’: ब्योनडक यांची कोरियातल्या जोसन राजवटीच्या काळातली कथा. पुरुषांची शृंगारचित्रं काढणारा नाक्योम आणि त्याला बळजबरीने हवेलीत ठेवून चित्रं काढायला लावणारा सरदार. चित्रकाम देखणं आहे, पण सुरुवातीच्या भागांत लैंगिक जबरदस्ती आहे. प्रौढांसाठीच.
* ‘किलिंग स्टॉकिंग’: कुगी यांची २०१६ ते २०१९ या काळातली मालिका. दोन तरुण आणि एक घर एवढंच पाहून अनेक जण प्रेमकथा समजून उघडतात. हा मानसशास्त्रीय थरार आहे: एक खुनी, एक कैदी, प्रचंड हिंसा. प्रेमकथा हवी असेल तर हे पुस्तक नव्हे.

तीन भागांची कसोटी

बहुतेक ॲपवर पहिले काही भाग फुकट असतात. ते वाचून झाल्यावर स्वतःला हे प्रश्न विचारा:

१. दोघांपैकी एकाकडे पैसा, पद, घर किंवा गुपित यांच्या रूपाने दुसऱ्यावर सत्ता आहे का? असेल तर लेखकाला ती दिसते आहे, की तो तिला आकर्षणाचा भाग म्हणून वापरतो आहे?
२. ‘नाही’ म्हटल्यावर समोरचा थांबतो का? थांबत नसेल तर कथा त्याला जबाबदार धरते का?
३. दुखावलेल्या पात्राला स्वतःचं काही आहे का: काम, मित्र, मत, राग? की ते फक्त सोसण्यापुरतं आहे?
४. दोघांची वयं स्पष्ट आहेत का? शाळकरी पात्रांचं लैंगिक चित्रण दिसलं तर तिथेच थांबा.
५. दुःखाचे प्रसंग काढून टाकले तर या दोघांत बोलण्यासारखं काही उरतं का?

पश्चात्तापाच्या कथांना एक जादा प्रश्न लावा. चूक करणारा फक्त पावसात उभा राहून रडतो, की आपण काय केलं ते नाव घेऊन कबूल करतो, सोडून जाण्याची मोकळीक देतो आणि त्यानंतर बऱ्याच भागांत वेगळा वागतो? पहिल्या प्रकारात वाचकाची दया उकळून माफी मिळवलेली असते. दुसऱ्या प्रकारात ती कमावलेली असते, आणि अशी मालिका पुन्हा वाचली तरी टिकते.

काळोखी कथा वाचूच नयेत असं नाही. प्रौढ वाचकाने जाणूनबुजून थरार निवडला तर ती त्याची निवड. अडचण येते ती पाटी एक आणि माल दुसरा असतो तेव्हा.

पैसे कुठे आणि कसे जातात

अधिकृत इंग्रजी भाषांतरं लेझिन, टॅपीटून, मांता, टॅपास यांसारख्या सेवांवर मिळतात. पैसे घेण्याच्या पद्धती तीन:

* कॉइन: आधी विकत घ्यायचे, मग प्रत्येक भागाला खर्च करायचे. जत्रेतल्या पाळण्याच्या कुपनांसारखा हा मामला आहे: उरलेली परत घेतली जात नाहीत आणि आणखी एक फेरी घ्यावीशी वाटतेच.
* थांबा आणि फुकट वाचा: ठरावीक तासांनी एक भाग मोफत उघडतो. काकाओपेजने २०१४ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आता अनेक ठिकाणी आहे. अलीकडचे भाग मात्र बहुधा यातून वगळलेले असतात.
* मासिक वर्गणी: भरपूर वाचणाऱ्यांना परवडते. पण वर्गणीत सगळ्या मालिका येतात का, ते आधी पाहा.

पैसे भरण्यापूर्वी एवढं तपासा:

* मालिका पूर्ण झाली आहे की चालू? एकेका हंगामानंतर कलाकार विश्रांती घेतात आणि ती लांबते. वाट पाहणं जमत नसेल तर पूर्ण झालेलीच घ्या.
* भाग भाड्याने मिळतो की कायमचा? भाड्याचा ठरावीक मुदतीनंतर बंद होतो. कायमचा घेतलेलाही ॲपपुरताच असतो. परवाना संपला किंवा सेवा बंद पडली तर काय, हे अटींमध्ये वाचा.
* एकूण भाग, पुरवणी भागांसह, गुणिले दर एका भागाचे कॉइन. हा गुणाकार पहिल्याच दिवशी करा.
* ‘बोनस’ कॉइनना मुदत असते का?
* ॲप आणि संकेतस्थळावरची आवृत्ती एकच आहे का? काही ठिकाणी ॲपमध्ये प्रौढ दृश्यं झाकलेली असतात. त्यामुळे वगळलेल्या भागासाठी पैसे भरून मागाहून चिडचिड होते.

कार्डाने पैसे जात नसतील तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहारांची सोय सुरू आहे का ते पाहा. नव्या कार्डावर ती मुळात बंद असते. त्यापेक्षा गुगल प्लेमधून यूपीआयने लहान रक्कम भरणं सोपं. वर्गणी आपोआप कापली जात असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून पैसे जाण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. ती वाचत चला. आणि एक नेहमीची चूक: ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. ती प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्द करावी लागते.

चोरीच्या साइटचं काय?

‘फुकट मिळतंय तर का नको’ हा प्रश्न येतोच. कोरियात ‘बाम टोक्की’ नावाच्या अवैध साइटने वेबटून उद्योगाचं इतकं नुकसान केलं की २०१८ मध्ये तिच्या चालकाला अटक झाली. तरी नव्या साइट उगवत राहतात. कलाकाराची मिळकत भागांच्या विक्रीशी जोडलेली असते. आणि विक्री कमी असलेल्या, म्हणजे शांत आणि हळव्या मालिकांनाच याचा फटका आधी बसतो.

तुमचा स्वार्थही बघा. अशा साइटवर वयाचा इशारा नसतो, टॅग चुकीचे असतात आणि भाषांतर कधी कधी यंत्राने उरकलेलं असतं. म्हणजे निवडीसाठी वर सांगितलेली साधनंच हातातून जातात. जुगाराच्या जाहिराती आणि फसवे दुवे वेगळेच. हात आखडता असेल तर ‘थांबा आणि फुकट वाचा’वर एका वेळी एकच मालिका ठेवा.

तुमचे हक्क आणि खबरदारी

* वाचण्याबद्दल भीती नको. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भारतात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. अशा नात्यांची प्रेमकथा वाचणं हाही गुन्हा नाही.
* पुढे पाठवताना थांबा. लैंगिक दृश्यांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७अ खाली येऊ शकतं. अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या लैंगिक चित्रणाबाबत कलम ६७ब अधिक कडक आहे. त्यात असा मजकूर शोधणं आणि उतरवून घेणंही येतं. शिवाय चित्रांवर कलाकाराचा स्वामित्वहक्क असतो.
* घरात कुणाला कळू द्यायचं नसेल तर सूचना बंद ठेवा, ॲपला कुलूप लावा आणि घरच्या सामाईक कार्डाने पैसे भरू नका. बिलावर ॲपचं नाव दिसतं.
* कुणी धमकावलं तर पैसे देऊ नका. ‘तू काय वाचतोस ते घरी सांगेन’ असं म्हणून पैसे मागणं ही खंडणी आहे. संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत तक्रार करा. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी मदतक्रमांक १९३०.
* पैसे कापले पण भाग उघडला नाही, तर आधी सेवेला लेखी कळवा, प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर ४८ तासांच्या आत परतावा मागा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५.

गोष्ट आणि खरं आयुष्य यांची गल्लत टाळा

बीएल ही मुख्यतः कल्पनारंजनाची शैली आहे. अनेक मालिकांत घर, कायदा, नोकरी यांचा अडथळा जवळजवळ नसतोच. दोघांचं जमलं की सगळं जमलं. प्रत्यक्ष कोरियात समलिंगी विवाहाला मान्यता नाही. चित्रपट दिग्दर्शक किमजो ग्वांगसू यांनी २०१३ मध्ये आपल्या जोडीदाराशी जाहीर विवाह केला, पण त्याची नोंदणी झाली नाही. पुढे त्यांनीच ‘द न्यू एम्प्लॉयी’ ही बीएल मालिका दिग्दर्शित केली. १८ जुलै २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडीदाराला आरोग्य विम्यात अवलंबिताचा लाभ देण्याचा निकाल दिला, तेवढंच मोठं पाऊल. भारतातही ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा हक्क मान्य झालेला नाही.

म्हणून बीएलमधून गे पुरुषांचं जगणं समजून घ्यायचा प्रयत्न करू नका. त्यासाठी मराठीतच वाचण्यासारखं आहे: सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’, बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’, आई आणि मुलाच्या नात्यावरचं चेतन दातार यांचं ‘एक माधवबाग’. वाचताना स्वतःविषयी प्रश्न पडू लागले असतील तर मुंबईचा हमसफर ट्रस्ट आणि पुण्याचा समपथिक ट्रस्ट या संस्था अनेक वर्षं याच कामात आहेत. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे.

पालकांसाठी थोडक्यात

रडण्याची काळजी करू नका. वयोगट आणि टॅग बघा. फोन हिसकावण्याऐवजी मालिकेचं नाव विचारा आणि पहिले दोन भाग स्वतः वाचा. अठरा प्लसचा शिक्का असेल तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा, आणि त्याचं कारण दृश्यं आहेत, दोन मुलगे आहेत म्हणून नव्हे, हेही सांगा. हे दुसरं वाक्य गाळलंत तर मूल पुढच्या वेळी नाव सांगणार नाही.

आज काय कराल?

पूर्ण झालेली एक मालिका निवडा, वयोगट आणि टॅग बघा, एकूण खर्चाचा गुणाकार करा, तीन फुकट भाग सावकाश वाचा आणि पाच प्रश्न लावा. उत्तर पटलं तर पुढे जा. नाही पटलं तर सोडा, मग तिसाव्या भागावर असलात तरी. खर्च झालेले कॉइन वसूल करण्यासाठी पुढचे चाळीस भाग वाचायचे नसतात.